लाखो-कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राचं तापमान शिंपल्यांवरून आणि माशांवरून खरंच कळतं का?

शिंपलाधर:

हवामानबदलाची चर्चा निघाली की कोणीतरी एक हमखास विचारतंच, की सात कोटी वर्षांपूर्वी समुद्र एवढा गरम होता म्हणता, तर तेव्हा थर्मामीटर धरून उभं कोण होतं? विचारणारा खवचटपणे विचारतो पण प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर इतकं भारी आहे की दोन ओळींत उरकणं जिवावर येतं, म्हणून हा वेगळा धागा काढतोय. ज्यांना यातलं माहितीय त्यांनी भर घाला, ज्यांना पटत नाही त्यांनी बिनधास्त भांडा.

तर मूळ गोष्ट ऑक्सिजनची. ऑक्सिजनचे अणू सगळे सारख्या वजनाचे नसतात, ९९.७६ टक्के ऑक्सिजन-१६ असतो आणि साधारण ०.२ टक्के ऑक्सिजन-१८, ज्यात दोन न्यूट्रॉन जास्त (ऑक्सिजन-१७ पण असतो, त्याला आत्ता बाजूला ठेवू). शिंपल्यातला प्राणी आजूबाजूच्या पाण्यातून कॅल्शियम कार्बोनेटचं कवच तयार करतो तेव्हा दोन्ही ऑक्सिजन त्यात जातात, पण जड ऑक्सिजन किती जाणार हे पाणी किती गरम आहे यावर ठरतं. पाणी थंड असेल तर कवचात जड ऑक्सिजन जरा जास्त, गरम असेल तर जरा कमी. आणि हे 'जरा' म्हणजे फारच जरा बरं का, एका अंशाला हजारात ०.२२ च्या आसपास. म्हणजे गुणोत्तर हजारात एकने बदललं तर पाणी साडेचारेक अंशांनी बदललं असं समजायचं.

हे सगळं आधी कागदावर झालं. हॅरल्ड युरी, ज्यांना ड्यूटेरियमच्या शोधासाठी १९३४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं होतं, त्यांनी १९४७ मध्ये गणित मांडून दाखवलं की हा फरक असायला हवा आणि तो तापमान मोजायला वापरता यावा. मग शिकागोला त्यांच्या गटाने एवढा बारीक फरक पकडणारं मास स्पेक्ट्रोमीटर (अणू-रेणू वजनानुसार वेगळे करून मोजणारं यंत्र) उभं केलं, सॅम्युअल एपस्टाईन वगैरे मंडळींनी माहीत असलेल्या तापमानाच्या पाण्यात वाढलेली कवचं मोजून समीकरण बसवलं, आणि १९५१ मध्ये त्यांनी स्कॉटलंडच्या स्काय बेटावरचा ज्युरासिक काळातला एक बेलेम्नाइट कापला.

बेलेम्नाइट म्हणजे माकुळाच्या नात्यातला प्राणी, त्याच्या अंगात टोकदार भरीव कॅल्साइटचा दांडा असायचा आणि तो आडवा कापला की आत गोल गोल वाढीची वलयं दिसतात. या लोकांनी बाहेरून आत एकेक थर खरवडून मोजला. निकाल असा: लहानपण सरल्यावर प्राण्याने तीन उन्हाळे आणि चार हिवाळे काढले, लहानपणी पाणी जास्त गरम होतं, म्हातारपणी थंड, वय साधारण चार वर्षं आणि मेला वसंतात. सरासरी तापमान १७.६ अंश, ऋतूंमधला फरक सहाएक अंश. मला यात १७.६ पेक्षा 'वसंतात मेला' हे जास्त थक्क करतं, कारण इतक्या जुन्या एका प्राण्याचा महिना कळतोय, कुठल्या लाख वर्षांतला ते मात्र धड सांगता येत नाहीये.

रिकामटेकडी:

मस्त धागा, वाचनखूण साठवली! दोन बाळबोध प्रश्न. एक, शीर्षकात मासे आहेत, पण मासा कुठे कवच बनवतो? दोन, समीकरण सगळ्यांना एकच लागू होतं का, की कालवाचं वेगळं, शंखाचं वेगळं?

उंटावरचा_शहाणा:

भांडायचं आमंत्रण आहे तर घ्या. कवचातला ऑक्सिजन दोन गोष्टींवर ठरणार ना, एक पाण्याचं तापमान आणि दोन मुळात त्या पाण्यातच जड ऑक्सिजन किती होता ते. तुम्ही मोजताय एकच आकडा. एक समीकरण, दोन अज्ञातं, हे सुटत नाही हे आठवीतला पोरगा सांगेल. मग पाण्याचा आकडा आणला कुठून? गृहीत धरला? मग तापमान पण गृहीतच झालं की.

शिंपलाधर:

@उंटावरचा_शहाणा, थेट दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत. या विषयाचा निम्मा इतिहास याच एका भांडणाचा आहे.

समुद्राचं पाणी वाफ होऊन वर जातं तेव्हा हलका ऑक्सिजन सहज उडतो, जड मागे राहतो. ती वाफ पाऊस होऊन नदीवाटे परत आली तर हिशोब मिटला, पण ती ध्रुवांवर बर्फ होऊन बसली तर हलका ऑक्सिजन तिकडे अडकतो आणि उरलेला समुद्र जड होतो. म्हणजे हिमयुगात कवचं दोन कारणांनी जड होणार, पाणी थंड म्हणून आणि बर्फ जास्त म्हणून. १९५५ मध्ये चेझारे एमिलियानींनी समुद्रतळाच्या गाळातल्या फोरॅमिनिफेरा (एकपेशीय जीव, पण कवच घालणारे) मोजून हिमयुगांचा चढउतार दाखवला आणि बहुतेक फरक तापमानाचा धरला. १९६७ मध्ये निकोलस शॅकल्टननी त्यातली गोची दाखवली. त्यांनी पृष्ठभागावर राहणारे आणि तळाशी राहणारे दोन्ही जीव मोजले आणि दोघांतही जवळपास सारखाच चढउतार निघाला. आता तळाचं पाणी आधीच गोठायला आलेलं असतं, ते अजून पाच-सहा अंश थंड होणार कसं? म्हणजे फरकाचा मोठा वाटा बर्फाचाच होता.

मग पाण्याचा आकडा ठरवायचा कसा? ध्रुवांवर बर्फच नव्हता अशा काळांसाठी सोपं आहे, आजचा सगळा बर्फ वितळवून समुद्रात मिसळला तर पाणी हजारात साधारण एकने हलकं होतं, तो आकडा घेतात. हिमयुगांसाठी बर्फ किती होता ते इतर मार्गांनी काढतात. खरी पंचाईत किनाऱ्यावर होते, कारण नदीचं गोडं पाणी हलकं असतं. खाडीच्या तोंडाशी वाढलेल्या कालवाला पावसाळा आणि उन्हाळा जवळपास सारखेच 'दिसतात', दोन्हींत कवच हलकं होतं. असल्या ठिकाणच्या शिंपल्यावरून कोणी तापमान छापलं तर मी स्वतः तरी आधी क्षारतेचं काय केलंय ते बघतो आणि मग पुढे वाचतो.

@रिकामटेकडी, समीकरण एक नाही. कवच कॅल्साइटचं की अ‍ॅरागोनाइटचं (दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच, फक्त स्फटिकांची रचना वेगळी) यावरच फरक पडतो, त्याच पाण्यात अ‍ॅरागोनाइट हजारात ०.६ ते ०.८ ने जड निघतं, म्हणजे चुकीचं समीकरण लावलं तर तीनेक अंशांचा घोळ. शिवाय काही जीव रसायनशास्त्राला न जुमानता आपलंच चालवतात, कोरल त्यात बदनाम आहेत. शिंपले त्यामानाने गुणी, पाण्याशी बऱ्यापैकी इमान राखून कवच घालतात. माशांचं कोणीतरी जाणकाराने सांगा.

खोल_पाणी:

बोलावलंत म्हणून आले :) मत्स्यविज्ञानात आमचं निम्मं आयुष्य माशांच्या कानातल्या खड्यांवर जातं. हाडांच्या माशांना आतल्या कानात खड्यांच्या तीन जोड्या असतात, तोल सांभाळायला आणि ऐकायला. सगळ्यात मोठी जोडी बहुतेक माशांत सॅजिटा म्हणतात ती, आणि बहुतेक अभ्यास तिच्यावरच होतात. याला ओटोलिथ म्हणतात. जवळजवळ पूर्ण अ‍ॅरागोनाइट, थोडंसं प्रोटीन. हाडं शरीर गरजेनुसार विरघळवून परत वापरतं, ओटोलिथला मात्र हात लावत नाही, मासा उपाशी मेला तरी आधी घातलेला थर तसाच राहतो. अंड्यातून बाहेर पडायच्या आधीपासून मरेपर्यंत थरावर थर. १९७१ मध्ये जॉर्जिओ पॅनेलांनी दाखवलं की यात वर्षाची वलयंच नाहीत तर रोजचीही वलयं असतात. मी पहिल्यांदा घासून पातळ केलेला ओटोलिथ मायक्रोस्कोपखाली बघितला तेव्हा मधला काळपट ठिपका आणि त्याभोवती शेकडो बारीक रेघा, पिल्लू असतानाच्या रेघा अगदी दाटीने, मग सुटसुटीत, मग परत दाट. खड्याचा आकार प्रजातीनुसार वेगळा असतो, त्यामुळे मासा गेला, हाडं गेली, खडा सापडला तरी कुठला मासा ते कळतं.

ऑक्सिजनच्या बाबतीत खडा पाण्याशी जवळपास समतोलात वाढतो म्हणून तापमान काढता येतं. कार्बनवर मात्र विश्वास ठेवू नका, त्यात माशाच्या खाण्यातला आणि श्वासोच्छ्वासातला कार्बन मिसळलेला असतो.

माझं सगळ्यात लाडकं काम इव्हनी, पॅटरसन आणि लोमन या तिघांचं, २००० सालचं. साधारण ३.४ कोटी वर्षांपूर्वी इओसीन संपून ऑलिगोसीन सुरू होताना पृथ्वी थंड झाली, अंटार्क्टिकावर बर्फ बसला आणि समुद्री प्राण्यांच्या बऱ्याच प्रजाती गेल्या. वार्षिक सरासरी बघितली तर एवढी प्रजातिहानी का व्हावी ते नीट कळत नव्हतं. या तिघांनी अमेरिकेच्या गल्फ किनाऱ्यावरच्या थरांतले ओटोलिथ घेऊन वलयांच्या रेषेत बारीक बारीक नमुने काढले, म्हणजे एकाच माशाच्या आयुष्यातले उन्हाळे आणि हिवाळे वेगवेगळे. निघालं असं की उन्हाळे होते तसेच राहिले, हिवाळे मात्र साधारण चार अंशांनी थंड झाले. सरासरीत हे बुडून गेलं असतं. ज्यांना थंडी सोसत नव्हती त्या प्रजातींसाठी तो हिवाळाच काळ ठरला, असं त्यांचं म्हणणं.

रिकामटेकडी:

बापरे, हे भन्नाट आहे! म्हणजे आपण 'पृथ्वी इतके अंश थंड झाली' असं एका आकड्यात बोलतो तेव्हा कुठल्या ऋतूत झाली हा प्रश्नच कोणी विचारत नाही. आणि माणसांच्या वस्त्यांत माशांचे असे खडे सापडतात का? लोक मासे खात होतेच की.

खोल_पाणी:

सापडतात तर, ढिगाने. पेरूच्या किनाऱ्यावर ऑस्ट्रा आणि सिचेस नावाच्या दोन जुन्या वस्त्या आहेत, साधारण सहा हजार वर्षांपूर्वीच्या. तिथल्या उकिरड्यांत पेरूच्या समुद्री कॅटफिशचे ओटोलिथ मिळाले, २००२ मध्ये त्यांचे ऑक्सिजन मोजले. ऑस्ट्राला उन्हाळ्यातलं पाणी आजच्यापेक्षा तीनेक अंश गरम निघालं आणि उत्तरेच्या सिचेसला वर्षाची सरासरीच तीन ते चार अंश जास्त. पेरूच्या किनाऱ्याला आज खालून थंड पाणी वर येतं, म्हणूनच तिथे एवढे मासे आहेत, आणि या अभ्यासाचं म्हणणं असं की ते थंड पाणी वर येणं पाचेक हजार वर्षांपूर्वीनंतर वाढलं. तिथल्या माणसांनी खाल्लेल्या प्राण्यांची यादीही तेच सांगते.

शिंपल्यांच्या ढिगांतून अजून एक मजा करतात. शिंपल्याच्या कडेचा अगदी शेवटचा थर मोजायचा, तो उन्हाळ्याचा निघाला तर शिंपला उन्हाळ्यात गोळा केला. यावरून लोक त्या जागी वर्षभर राहत होते की ठराविक ऋतूत यायचे ते कळतं. शॅकल्टननीच १९७३ मध्ये यावर लिहिलंय.

गणितवेडा:

उंटावरच्या शहाण्यांचा 'एक समीकरण दोन अज्ञातं' हा मुद्दा फक्त बर्फाचा अंदाज करून सुटला असं नाही, २००६ मध्ये दुसरं समीकरण मिळालंय. प्रसेनजित घोष, जॉन आयलर आणि सहकाऱ्यांनी कॅलटेकमध्ये हे बसवलं. कल्पना अशी की कार्बोनेटमध्ये जड कार्बन (१३) आणि जड ऑक्सिजन (१८) एकमेकांना चिकटून किती वेळा बसतात ते बघायचं. थंडीत जड-जड जोड्या जास्त होतात, उष्णता वाढली की सगळं योगायोगाच्या वाटणीकडे सरकतं. यात गंमत ही की ही मांडणी कवचाच्या आतल्या आत ठरते, पाण्यात जड ऑक्सिजन किती होता याच्याशी तिला देणंघेणं नाही. कवचातून कार्बन डायऑक्साइड काढायचा आणि त्यातले ४७ वजनाचे रेणू मोजायचे. याने तापमान मिळालं की ते जुन्या समीकरणात टाकायचं आणि पाण्याचा आकडा काढायचा. दोन समीकरणं, दोन अज्ञातं, सुटलं.

अडचण ही की ४७ वजनाचे रेणू दहा लाखांत चाळीस-पन्नासच असतात. त्यामुळे नमुना जास्त लागतो, मशीन तासन्‌तास चालवावं लागतं आणि तरी एक-दोन अंशांची अनिश्चितता राहतेच. वलयागणिक मोजायचं म्हटलं तर जीव जातो.

या पद्धतीने एक जुना वाद बराच निवळला. पॅलिओझोइक काळातली (डायनोसॉरांच्याही आधीची) कवचं फार हलकी निघायची, मग एक बाजू म्हणायची समुद्र कढत होता, दुसरी म्हणायची नाही हो, तेव्हा समुद्राचं पाणीच वेगळं होतं. २००७ मध्ये सिल्युरियन आणि कार्बोनिफेरस काळातल्या चांगल्या टिकलेल्या कवचांवर हे केलं तेव्हा सिल्युरियनचा उष्ण कटिबंधातला समुद्र ३५ च्या आसपास आणि कार्बोनिफेरसचा २५ च्या आसपास आला, आणि दोन्ही वेळचं पाणी मात्र फारसं वेगळं नव्हतं.

उंटावरचा_शहाणा:

घोषबाबूंचं पटलं, व्यवस्थित पटलं. पण आता पुढचं. कवच कोट्यवधी वर्षं दगडात गाडलेलं, वरून दाब, आतून उष्णता, भूजल झिरपतंय. त्या पाण्याने कवचातला ऑक्सिजन बदलला नाही कशावरून? तुम्ही समुद्राचं तापमान मोजताय की गाडलं गेल्यानंतरचं?

शिंपलाधर:

बरेचदा नंतरचंच मोजलं जातं, आणि जुन्या पेपरांतले बरेच आकडे म्हणूनच आज कोणी वापरत नाही. कामाचा जास्त वेळ मोजण्यात जातच नाही, कवच खराब झालंय का हे तपासण्यात जातो.

अ‍ॅरागोनाइट हे यात वरदान आहे, कारण ते अस्थिर असतं, संधी मिळाली की कॅल्साइट होतं. म्हणजे जुन्या शिंपल्यात अजून अ‍ॅरागोनाइट शिल्लक असेल तर त्याला फार छेडलेलं नाही हे समजतं. कधीकधी अमोनाइटवर (गुंडाळलेल्या कवचाचा, आता नामशेष झालेला समुद्री प्राणी) मोत्याची चमक अजून टिकलेली असते, तसला तुकडा मिळाला की लॅबमध्ये सण असतो. कॅल्साइटसाठी इलेक्ट्रॉनचा झोत मारून बघतात. भूजलातून मँगनीज शिरलं असेल तर तो भाग नारिंगी चमकतो, चांगला भाग अंधारात राहतो. मी एकदा ब्रॅकिओपॉडचं (शिंपल्यासारखा दिसणारा पण वेगळ्या कुळातला प्राणी) एक अतिशय देखणं कवच ठेवलं होतं झोताखाली, बाहेरून नवंकोरं, आणि आतून कडेकडेने नारिंगी शिरा पसरलेल्या, फक्त मधला एक पट्टा काळा. तो काळा पट्टाच तेवढा वापरला. पट्ट्यात ड्रिल मारायचं म्हणजे टोक केसाएवढं, कवच मायक्रोस्कोपखाली चिकटवलेलं, एका ओळीत खड्डा पाडून पांढरी पूड सुईने गोळा करायची, पूड म्हणजे मिलिग्रॅमचा दहावा हिस्सासुद्धा नाही, त्यात कोणी जोरात श्वास सोडला की संपलं. मग ती फॉस्फोरिक अ‍ॅसिडमध्ये टाकायची, निघालेला कार्बन डायऑक्साइड मशीनमध्ये.

तुलना कशाशी करायची हाही प्रकार गमतीचा आहे. शिकागोवाल्यांनी दक्षिण कॅरोलायनातल्या पी डी फॉर्मेशनमधला बेलेम्नाइट शून्य धरला. जगभर सगळे त्याच्याशी तुलना करायला लागले आणि ती पूड संपून गेली! आता व्हिएन्नाहून ठरवलेलं प्रमाण वापरतात पण नावात बेलेम्नाइट अजून आहेच.

घोष-आयलर पद्धतीलाही सूट नाही. कवच शंभर-एक अंशांच्या वर लाखो वर्षं राहिलं तर पाण्याचा थेंब न लागता आतल्या आत जोड्या बदलतात.

दगडफोड्या:

कार्बोनेटवर एवढा वेळ गेला, जरा फॉस्फेटकडे या. माशांच्या दाताचं आवरण अ‍ॅपेटाइटचं असतं, कॅल्शियम फॉस्फेट, आणि फॉस्फरस-ऑक्सिजनची गाठ एकदा बसली की साध्या पाण्याने सुटत नाही. जिवंतपणी एन्झाइम सोडवतात, नंतर बॅक्टेरिया त्रास देऊ शकतात, पण नुसतं भूजल झिरपून काही होत नाही. त्यामुळे फार जुन्या काळासाठी कवचापेक्षा दात बरे. १९७३ मध्ये लाँगिनेली आणि न्यूटी यांनी याचं समीकरण दिलं, तिथेही हजारात एकच्या फरकाला ४.३ अंशच पडतात.

आणि माझे लाडके म्हणजे कोनोडॉन्ट. मिलिमीटरभर लांबीचे दातेरी तुकडे, १८५६ मध्ये पांडर यांनी वर्णन केले आणि पुढे सव्वाशे वर्षं हे कुठल्या प्राण्याचे हेच कोणाला माहीत नव्हतं. १९८३ मध्ये एडिनबराजवळच्या ग्रँटनच्या थरातून आलेल्या नमुन्यात मऊ शरीराचा ठसा सापडला, ईलसारखा लांबुडका कणा-वर्गातला प्राणी, मोठे डोळे, आणि तोंडात हे दाते. चुनखडी सौम्य अ‍ॅसिडमध्ये विरघळवली की हे तळाशी उरतात. वर त्यांचा रंगच सांगतो किती तापलेत, फिकट पिवळा म्हणजे ताजा माल, तपकिरी म्हणजे शिजलेला, काळा म्हणजे पार गेला.

यांच्यावरून २००८ मध्ये ट्रॉटर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ऑर्डोव्हिशियनच्या (हाही पॅलिओझोइकमधलाच एक काळ) सुरुवातीला फार गरम असलेला समुद्र हळूहळू थंड होत आजच्या उष्ण कटिबंधाच्या पातळीला आला, आणि त्यानंतर जीवांची विविधता भरभर वाढली. २०१२ चं तर सगळ्यांनी ऐकलं असेल, २५.२ कोटी वर्षांपूर्वीच्या पर्मियनअखेरच्या महासंहारानंतर ट्रायासिकच्या सुरुवातीला विषुववृत्ताजवळ समुद्राचा पृष्ठभाग ४० अंशांपर्यंत गेला होता, दक्षिण चीनमधल्या कोनोडॉन्टवरून. त्या काळातल्या उष्ण कटिबंधात माशांचे अवशेष फारच कमी सापडतात, हे त्याच्याशी जुळतं.

अवकाळी:

+१, धागा जमलाय. माझी भर वलयांची. आइसलँडच्या उत्तरेला २००६ मध्ये आर्क्टिका आयलँडिका जातीचा एक शिंपला काढला, आधी वलयं मोजून वय ४०५ ठरवलं आणि २०१३ मध्ये नीट मोजून ५०७. जन्म १४९९. चीनमधल्या मिंग राजवटीवरून त्याला मिंग नाव पडलं, आणि वय कळेपर्यंत बिचारा मेलेला होता. गंमत एका शिंपल्यात नाही, तर एकाच भागातल्या शिंपल्यांची रुंद-अरुंद वलयं सगळ्यांत सारखी जुळतात त्यात, म्हणून जिवंत आणि मेलेल्या शिंपल्यांची साखळी जोडत त्या किनाऱ्याची १३५७ वर्षांची मालिका तयार झालीय, त्यातल्या हजार वर्षांचे ऑक्सिजन वर्षागणिक मोजलेत. कुठलं वलय कुठल्या सालचं हे नक्की माहीत, असा समुद्राचा रेकॉर्ड दुसरीकडे कुठे मिळतो?

आणि ज्यांना रोजची वलयं ऐकून शंका आली त्यांच्यासाठी: ओमानमध्ये सापडलेला टोरेआइट्स नावाचा रुडिस्ट शिंपला, डायनोसॉरांच्या अगदी शेवटच्या काळातला, सात कोटी वर्षं जुना. २०२० मध्ये लेसरने त्याची रोजची वलयं मोजली तर वर्षाला ३७२ दिवस निघाले. पृथ्वी तेव्हा जरा जोरात फिरायची, दिवस साडेतेवीस तासांचा होता. त्याच कवचावरून उन्हाळ्यात पाणी ४० अंशांपर्यंत आणि हिवाळ्यातही तिशीच्या वर.

रिकामटेकडी:

थांबा थांबा, ४० अंशांच्या पाण्यात शिंपला वाढत राहतो? मला तर वाटलं होतं फार उकडलं की तो कवच घट्ट मिटून बसून राहील.

खोल_पाणी:

हाच तो प्रश्न, आणि माझ्या मते अख्ख्या विषयातला सगळ्यात दुर्लक्षित. प्राणी वाढतो तेव्हाच नोंद करतो. बऱ्याच शिंपल्यांची वाढ कडाक्याच्या थंडीत थांबते, काहींची फार उष्णतेत. हिवाळ्यात झोपलेल्या शिंपल्यावरून वर्षाची सरासरी काढली तर ती खोटीच गरम येणार. म्हातारा शिंपला वर्षात जेमतेम काही आठवडे वाढतो, त्याच्या शेवटच्या वलयांत ऋतूंचा फरक कमी दिसतो, याचा अर्थ ऋतू सौम्य झाले असा होत नाही. वलयं जिथे दाट होतात तिथे ड्रिलच्या एका खड्ड्यात दोन-तीन महिने एकत्र येतात आणि टोकं कापली जातात. शिवाय मासे पोहतात! नदीच्या तोंडाशी पिल्लू, खोल समुद्रात मोठा, त्या खड्यातला चढउतार ऋतूचा की प्रवासाचा? म्हणून मी तळाशी एका जागी राहणारे मासे बघते, वर फिरणारे नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की शिंपले आणि ओटोलिथ यांच्याकडून वार्षिक सरासरी मागूच नये, त्यासाठी गाळातले फोरॅमिनिफेरा आहेत, हजारो जीव एकत्र मोजता येतात. यांच्याकडून ऋतू मागावा, तो दुसरं कोणी देत नाही.

गणितवेडा:

ऋतू मागावा हे मान्य, पण किती जणांकडून? एक शिंपला म्हणजे तीन-चार वर्षांचा तुकडा, तो नेमका एल निन्योच्या वर्षातला निघाला तर? लाख वर्षांच्या थरातून एक कवच उचलून 'त्या काळचा उन्हाळा' म्हणणं मला धाडसाचं वाटतं.

शिंपलाधर:

धाडसाचंच आहे. म्हणूनच एकाच थरातली शक्य तितकी कवचं मोजतात, आणि त्यांच्यातला आपापसातला फरकसुद्धा माहिती म्हणून वापरतात. पेरूच्याच किनाऱ्यावर शिंपल्यांतल्या फरकावरून गेल्या दहा हजार वर्षांत एल निन्यो किती जोरात होता ते काढलंय, तिथे कुठलं एक कवच कुठल्या सालचं याने फरक पडत नाही, ती सगळी मिळून किती विखुरलीत ते महत्त्वाचं. युरींच्या बेलेम्नाइटबद्दल मी वर एवढं कौतुकाने लिहिलं, पण तो ज्युरासिकचं हवामान नाही, एका प्राण्याची चार वर्षं आहेत.

उंटावरचा_शहाणा:

आता शेवटचा वार. दात चांगले म्हणता, पण दात माशाच्या अंगात बनतो. मासा जर गरम रक्ताचा असेल तर तुम्ही समुद्र नाही, मासा मोजताय.

दगडफोड्या:

बरोबर पकडलंत. ट्यूना आणि पांढऱ्या शार्कच्या कुळातले काही मासे शरीराचा काही भाग पाण्यापेक्षा गरम ठेवतात, त्यांचे दात समुद्राच्या तापमानासाठी वापरायचे नाहीत. पण तोच दोष उलटा वापरता येतो. २०२३ मध्ये मेगालोडॉनचे (नामशेष झालेला महाकाय शार्क) दात जड-जड जोड्यांच्या पद्धतीने मोजले आणि त्याच पाण्यातल्या थंड रक्ताच्या जीवांशी ताडून बघितले, तर तो आजूबाजूच्या पाण्यापेक्षा साधारण सात अंश गरम निघाला. तसंच क्षारतेचं. आर्क्टिकमधल्या बँक्स बेटावर इओसीन काळातले सँड टायगर शार्कचे दात सापडले, त्यांचा ऑक्सिजन इतका हलका होता की सरळ समीकरणात घातला तर तापमान भलतंच येतं, मग २०१४ मध्ये अभ्यासकांनी तापमान दुसरीकडून घेऊन क्षारता काढली, आणि तिथला समुद्र निमखारा निघाला.

उंटावरचा_शहाणा:

मग तुमच्या त्या ट्रायासिकच्या ४० अंशांवर किती पैज लावाल?

दगडफोड्या:

४० वर नाही लावणार. कोनोडॉन्ट पाण्याच्या कुठल्या खोलीत राहायचे हे जातीजातीनुसार वेगळं, खोल राहणाऱ्यांनी थंड पाणी नोंदवलं असणार. पाणी आजच्या समुद्रापेक्षा हजारात एकने हलकं धरलंय, पाऊस जास्त पडत असेल तर तो आकडा किनाऱ्याजवळ अजून हलका होईल आणि तापमान दोन-तीन अंशांनी उतरेल, बाष्पीभवन जास्त असेल तर उलट चढेल. वापरलेलं समीकरण बदललं तरी काही अंश इकडेतिकडे होतात, नवी समीकरणं त्याच आकड्यांवर जुन्यापेक्षा जास्त तापमान देतात. पण महासंहाराच्या आधीचे आणि नंतरचे कोनोडॉन्ट एकाच भागातले, एकाच पद्धतीने मोजलेले, आणि दोघांत हजारात जवळपास दोनचा फरक आहे. ध्रुवांवर तेव्हा वितळायला एवढा बर्फच नव्हता की सगळा फरक त्याच्या माथी मारता येईल. त्यामुळे ४० होतं की ३६ यावर भांडू, पण पाणी आठेक अंशांनी तापलं यावर मी पैज लावतो.